नोकषाय आणि आपले मुलगे



पाठशाळेत मुलं चार कषाय घडाघडा म्हणतात. क्रोध, मान, माया, लोभ. थोडी मोठी झाली की नऊ नोकषायही पाठ होतात. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायातले. त्यांत शोक आहे, भय आहे. नोकषाय म्हणजे किंचित कषाय, क्रोधाहून सौम्य. शोक आणि भय फक्त मुलींनाच असतात, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

आपल्या घरात मात्र उलटं चालतं. मुलगा रडला की "बायकांसारखा काय रडतोस?" घाबरला की "एवढा घोडा झालास, भितोस कसला?" आणि त्यानेच ताट सरकवलं, दार आपटलं की "मुलगाच तो, चालायचंच!" म्हणजे सौम्य ते दाबायचं आणि तीव्र ते खपवून घ्यायचं. मग पोराची भीतीसुद्धा रागाचं सोंग घेऊन बाहेर पडते.

माझा भाचा नववीत आहे. दिवाळीनंतर घरात कुणाशी धड बोलेना, काही विचारलं की खेकसायचा. ताईला वाटलं, मोबाइलमुळे. तो काढून घेतला तर आणखीच बिनसलं. मग आठ दिवस तो माझ्याकडे राहिला. मी समोर बसवून काही विचारलं नाही, तांदूळ निवडायला दिले. आपण धान्य निवडतो ते जीवदयेसाठी, एकेक दाणा बघून. नजर ताटात खाली, हात कामात. तिसऱ्या दिवशी मान वर न करताच म्हणाला, "मावशी, मला आठवीपासूनचं गणित येतच नाही. दहावीत सगळ्यांना कळेल."

मुली आईच्या हाताखाली काम करता करता असं कितीतरी बोलून टाकतात. मुलाला आपण स्वयंपाकघरातून बाहेर घालवतो. मग त्याने बोलायचं कुठे? पाणी गाळायचं, धान्य निवडायचं, ही जीवदया काय मुलींनीच पाळायची?

२०२४ च्या दहावीला राज्यात मुली ९७.२१ टक्के पास झाल्या, मुलगे ९४.५६ टक्के. मुलींचं कौतुक आहेच. पण नापास झालेल्या पोराला त्या दिवशी "ती बघ, मुलगी असून" हे जे ऐकवतात ना, ते माझ्या कानाला टोचतं. २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या, त्यांतले दहांतले सातहून अधिक पुरुष. ही सगळी एकेकाळी कुणाची तरी न रडणारी मुलंच होती. मुलगा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलू लागला, तर नुसतं णमोकार म्हण सांगून थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं.

ताईने भाच्याची क्लासची बॅच बदलून सकाळची घेतली. आधी क्लास साडेपाच ते आठ. म्हणजे सूर्यास्ताआधीचं जेवण बुडायचं, पोर रात्री उपाशी झोपायचं, नाहीतर बाहेर काहीबाही खाऊन यायचं, आणि सगळ्यांनी एकत्र बसायची घरातली ती एकच वेळ त्याच्या वाट्याला यायची नाही. आता जेवण झालं की भावजी त्याच्याबरोबर आठवीचं पुस्तक उघडतात. परवा फोनवर सांगत होता, वर्गमूळ जमायला लागलंय, बीजगणित अजून नाही.