आता आपला संघ कोणता?

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे असता माझ्या नातवाने एकाएकी विचारले, “आजोबा, आता आपला संघ कोणता?” त्याच्या अंगात हैदराबाद फुटबॉल क्लबचा पिवळा सदरा होता, आता तो त्याला आखूडही होऊ लागला आहे. प्रश्न साधाच, परंतु मला उत्तर सुचेना. तो संघ ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीस गेला आणि तेथे त्याने नावही बदलले.

वास्तविक आम्हां हैदराबादकरांना तक्रारीचा अधिकार थोडाच आहे. २०१९ साली हा संघ आमच्याकडे आला, तो पुण्याचा संघ मोडला म्हणून. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला हलविण्यात आला होता. त्या वेळी पुण्यातील एखाद्या आजोबालाही नातवाने हाच प्रश्न विचारला असेल, हे माझ्या मनात आले नाही. आपल्या अंगणात दिवे लागले की शेजारचा अंधार दिसत नाही, ही कबुली मला दिलीच पाहिजे.

आणि ते दिवे होते तरी किती सुंदर! २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. केरळा ब्लास्टर्सचा एक गोल चढलेला. ८८ व्या मिनिटाला साहिल तावोराने बरोबरी साधली. पुढे लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन पेनल्टी अडविल्या आणि हैदराबाद विजयी झाले. दोघेही गोव्याचे! घरी दूरचित्रवाणीसमोर आम्ही सारे उभे राहून टाळ्या वाजवीत होतो.

त्या यंत्राचे उपकार मी विसरत नाही. महासाथीमुळे सलग दोन हंगाम सर्व सामने गोव्यातच झाले. ते आम्हांला घरबसल्या दिसले. तथापि त्याच काळात एक गोष्ट नकळत सिद्ध झाली: संघाला आपल्या गावावाचून राहता येते. पडद्यावर दिसणारा संघ कोठून खेळतो याला मग महत्त्व उरत नाही. सामन्याची वेळही पडद्याच्या सोयीने रात्री साडेसातची. मैदानावरून घरी परतताना पेंगुळलेले पोर खांद्यावर घ्यावे लागे, त्याचा विचार कोण करणार?

या शहराने निराळा काळही पाहिला आहे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. ते खेळाडू याच शहरात नोकरीस होते. त्यांना उचलून दुसरीकडे नेण्याचा विचार कोणाला सुचला नसता. आज धनाविना खेळ चालत नाही, हे मी जाणतो. म्हणून मालकांनी खर्च करावा व मिळकतही घ्यावी. परंतु संघ हलविण्यापूर्वी ज्या गावाच्या नावावर तो वाढला त्या गावाला विचारावे. जर्मनीत क्लबच्या सभासदांच्या हाती मताधिक्य असावे, असा सर्वसाधारण नियम १९९८ पासून आहे. तसा काही नियम आपल्याकडेही हवा.

नातवाला मी म्हटले, “सदरा जपून ठेव. तो विजय आपलाच होता. तो कोणी दिल्लीला नेऊ शकत नाही.” आणि संध्याकाळी त्याला घेऊन शाळेच्या मैदानावर गेलो. तेथे आपल्या धर्मग्रामातील मुले अनवाणी खेळत होती. त्या सर्वांची नावे त्याला पाठ होती. थोड्याच वेळात माझा हात सोडून तोही त्यांच्यात धावला.