तीन हवामाने, चार टायर

बेळगावच्या हवेचे कौतुक करताना बेळगावकर थकत नाहीत, आणि ते खोटेही नाही. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंची, वैशाखातही संध्याकाळी सुटणारा गार वारा, पाऊस पडला तरी फार न चिखलणारे रस्ते. पण ही हवा गावाभोवतीच्या तासाभराच्या अंतरापुरती आहे. जुलै महिन्यात सकाळी जांबोटीच्या दिशेने गाडी काढली तर पुढे वायपर बंद करायची सोय राहत नाही. त्याच सकाळी शेजारच्या घरातले कुणी अथणीकडे निघाले असेल तर त्याला काचेवरची धूळ पुसावी लागते.

आकडेच पाहायचे तर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि विजापूरला जेमतेम सहाशे. दोन्ही ठिकाणे आपल्या नेहमीच्या जाण्यायेण्याची. आपल्याकडे कितीतरी घरांचे कुलदैवत कवळे-मंगेशीला, सौंदत्तीच्या यल्लम्माला वर्षातून एक फेरी ठरलेली, लेक म्हापशाला दिलेली आणि सून जमखंडीची. एकाच गाडीला हे सगळे नातेसंबंध सांभाळायचे असतात. म्हणून गेल्या काही वर्षांत चार मीटरच्या आतल्या, थोड्या उंच अंगाच्या छोट्या गाड्या आपल्या गल्ल्यांतून जास्त दिसू लागल्या. खड्ड्याला टेकत नाहीत आणि गल्लीत वळतातही.

या गाड्यांचे पहिले टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला संपत आले की घराघरांत चर्चा सुरू होते. मेहुणा एक कंपनी सांगतो, दुकानदार दुसरी, पंक्चरवाला तिसरीच. खरे तर हा प्रश्न कंपनीला विचारण्याआधी रस्त्याला विचारावा.

घाटाखालची वाट

बेळगावहून कोकण-गोव्याकडे उतरायला मुख्य वाटा तीन. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट, खानापूर-लोंढ्यावरून अनमोड, आणि शिनोळी-चंदगडवरून आंबोली. तिन्ही वाटांचा पावसाळ्यातला स्वभाव एकच. घाटमाथ्यावर धुके, वळणावर डोंगरातून रस्त्यावर येणारे पाणी, त्याबरोबर वाहून आलेली तांबडी माती आणि झाडांचा पाला.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. इथे पडलेला पाऊस नदी होऊन पूर्वेला सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणापर्यंत जातो, पण त्याआधी तो आपल्या चाकांखालून जातो. गाडीच्या प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. असे चार तळहात सबंध कुटुंबाला धरून असतात. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. टेकलेल्या भागाखालचे पाणी बाजूला ढकलणे हे त्यांचे काम. खाचा उथळ झाल्या, वेग वाढला आणि पाणी साचलेले असले की टायर ते पाणी बाजूला सारू शकत नाही आणि त्यावर तरंगतो. त्या क्षणी ना ब्रेक लागतो, ना स्टिअरिंग ऐकते.

नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, टायरची नक्षी त्यांच्या पातळीला आली की ही मर्यादा आली असे समजावे. कडेला 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण दिसतो, त्याच्या रेषेत हे उंचवटे सापडतात. पण ओल्या रस्त्यावरची पकड तीन मिलिमीटरच्या खाली गेल्यावरच झपाट्याने घटू लागते. म्हणजे कायद्याने धडधाकट असलेला टायर आषाढात चोर्ला उतरायला पुरेसा असतोच असे नाही.

पहिल्या पावसाचीही वेगळी भीती असते. आठ महिन्यांची धूळ आणि सांडलेले तेल पहिल्या सरीने वर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. अशा वेळी उतारावर खालचा गिअर आणि कमी वेग याला पर्याय नाही. वेग चाळीसऐवजी साठ असेल तर ब्रेक लागल्यापासून थांबायला दुपटीहून जास्त अंतर लागते. हा हिशेब टायर कितीही महाग असला तरी बदलत नाही.

तापलेली पूर्व

आता उलट दिशेला चला. गोकाक मागे पडले की झाडी विरळ होते, माती काळी होते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. डांबर तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते. इथे टायरचा शत्रू पाणी नसून उष्णता. आणि उष्णतेला आत घेणारा दरवाजा म्हणजे कमी हवा.

हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि पाच माणसे व डिकीभर सामान घेऊन तासन् तास सुसाट गेल्यावर एखादी जुनी कड फाटते. पुष्कळांचा समज उलटा असतो. उन्हाळ्यात हवा वाढते म्हणून ते चार पौंड काढून ठेवतात. तसे करू नये. तापमान दहा अंशांनी वाढले की हवा दीड पौंडाच्या आसपास वाढते, आणि ते गृहीत धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा असू शकतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी.

कन्नडात चाकाला 'गाली' आणि वाऱ्याला 'गाळी'. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांतली मुले या दोन शब्दांवरून हसतात, पण 'गाली'चा जीव 'गाळी'त आहे हे लक्षात ठेवायला याहून सोपी युक्ती नाही. पंपावरच्या पोऱ्याने 'गाळी एष्टु हाकली?' असे विचारले की 'नेहमीची' असे न सांगता चौकटीवरचा आकडा सांगावा. तो 'मूवत्तेरडु' असो की आणखी काही.

या भागात जाली म्हणजे बाभळीचे काटे आणि शेतवाटांचा चिकट काळा चिखल हेही आहेतच. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी बांधावरची माती डांबरावर आणून टाकलेली असते. पण वर्षातून चार वेळा शेताच्या वाटेला लागणाऱ्या गाडीसाठी ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे टायर घालायचे कारण नाही.

मग घ्यावा कोणता?

दुकानात अशा छोट्या उंच गाड्यांसाठी दोन जाती पुढे येतात. एक डांबरी रस्त्यासाठीचा, त्याला एचटी म्हणतात. दुसरा सगळीकडचा, एटी. एटीचे मोठे ठोकळे रुबाबदार दिसतात आणि कच्च्या वाटेवर उपयोगीही पडतात. पण ते जड असतात, महामार्गावर गुणगुणतात, पेट्रोल जास्त खातात आणि ओल्या डांबरावर थांबायला बहुधा जास्त अंतर घेतात. ज्यांचे शेतघर खरोखर चिखलाच्या वाटेवर आहे त्यांनी तो घ्यावा. बाकीच्यांनी निपाणी, कोल्हापूर, धारवाडचे महामार्ग, गोव्याचे घाट आणि विजापूरचे ऊन यांसाठी ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला साधा रस्त्याचा टायरच घ्यावा. कोरड्या रस्त्यावर बहुतेक चांगले टायर ठीकच वागतात. त्यांच्यातला फरक पाण्यात कळतो.

हा फरक बराचसा रबराच्या मिश्रणातून येतो. त्यात सिलिका मिसळल्याने ओली पकड सुधारते आणि फिरतानाचा अवरोधही कमी होतो. २०२२ साली केंद्र सरकारने ओल्या रस्त्यावरची पकड, फिरतानाचा अवरोध आणि आवाज यांचे किमान निकष टायरांना लागू केले. तेव्हा दुकानदाराला 'मायलेज किती?' याच्याआधी 'ओल्यात कसा?' हे विचारावे. 'पन्नास हजार नक्की' असे सांगणारा कडक रबराचा टायर पावसात किती धरतो हेही त्याला सांगू द्यावे. परदेशातली मुले फोनवर 'विंटर टायर' सांगतात, ते बर्फाच्या आणि सात अंशांखालच्या थंडीच्या देशांसाठी. आपल्याकडच्या उन्हात ते मऊ रबर लवकर झिजून जाईल.

परक्या गावातल्या कंपन्यांच्या नावांनी दबून जाऊ नये. आपल्या शेजारी गोव्यात उसगावला एमआरएफचा कारखाना आहे आणि म्हैसूरचे विक्रांत टायर जुन्या लोकांना चांगले आठवतील. टायरवर आयएसआयची खूण असावी आणि माप मूळचेच असावे. १९५/६० आर १६ ८९ एच असे लिहिले असेल तर रुंदी १९५ मिलिमीटर, उंची त्याच्या साठ टक्के, रिम सोळा इंची, आणि ८९ म्हणजे एका टायरला पेलणारा ५८० किलोंचा भार. यातला भाराचा आकडा कधीही कमी घेऊ नये.

गाडी भारदस्त दिसावी म्हणून त्याच रिमवर २१५/६० चढवण्याची हौस सध्या फार. त्याने टायरचा व्यास २४ मिलिमीटरने वाढतो, मीटर जेवढा दाखवतो त्याहून वेग पावणेचार टक्क्यांनी जास्त होतो, आणि भरल्या गाडीत वळताना टायर आत घासण्याचा धोका राहतो. कंपनीने तुमच्या मॉडेलला ते माप दिले असेल तरच ते घ्यावे.

शेवटी जन्मतारीख. कडेवरच्या लंबगोलात चार आकडे असतात. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. सूट मोठी असेल तर हे आकडे आधी वाचावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीच्या दरपत्रकावरची 'खास सूट' ही फारशी खास नसते.

दोनच घ्यायचे असतील तर

चारही एकदम बदलणे सगळ्यांना जमत नाही. या गाड्यांत इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर असल्याने पुढचे दोन आधी झिजतात, आणि नवे दोन पुढेच टाकायची पद्धत पडली आहे. ओल्या घाटासाठी ते उलट करावे. नवे दोन मागे टाकावेत आणि मागचे पुढे घ्यावेत. पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि वळणावर ती सावरणे सराईतालाही कठीण. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे फिरवून घेतले तर चारही बरोबरीने झिजतात. स्टेपनीची हवा त्याच वेळी पाहावी. कित्येक गाड्यांत ती लहान मापाची असते आणि तिच्यावर ताशी ऐंशीच्या पुढे जायचे नसते, हेही घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

पंचांग पाहून खरेदी

तीन मिलिमीटरला टायर काढायचा तर पैसे वाया जातात, असा आक्षेप घरातून येतोच. आठपासून १.६ पर्यंत झिजायला ६.४ मिलिमीटर रबर मिळते. त्यातले शेवटचे १.४ सोडले तर किमतीचा पाचवा हिस्सा सोडल्यासारखे होते. पण आपल्या हवामानाने यातून वाट ठेवली आहे. दसऱ्याला खाच साडेतीन-चार मिलिमीटर असेल आणि टायर जुना किंवा फुगलेला नसेल तर घाई करू नये. कार्तिकापासून वैशाखापर्यंतच्या कोरड्या महिन्यांत तो राहिलेले रबर वसूल करून देतो. बदलायचे ते मे महिन्यात. तोच टायर जूनमध्ये ठेवला तर मात्र वाचवलेले पैसे घाटातल्या एका वळणावर पणाला लागतात.

आपल्या शेतकऱ्यांनी ही वेळ केव्हाच ठरवून ठेवली आहे. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास कन्नड घरांत कार हुण्णिमे आणि मराठी घरांत बेंदूर होतो. पावसाच्या कामाला जुंपण्याआधी बैलांचे खूर, शिंगे, खांदे डोळ्यांखालून जातात. गाडीचे चारही टायर आणि पाचवी स्टेपनी त्याच्या आधीच्या पंधरवड्यात पाहून घ्यावी. खाचेची खोली मोजणारी पट्टी टायरच्या दुकानात असते आणि मोजायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.