आपोआप उघडणारी पानं

औरंगाबादेत सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी लायब्ररी लावली होती, त्यांना ती पुस्तकं आठवत असतील. औरंगपुरा-गुलमंडीच्या गल्ल्यांतली लहानशी दुकानं, महिन्याची वर्गणी, खाकी कागदाचं कव्हर आणि त्यावर शाईनं घातलेला नंबर. त्यातली काही पुस्तकं हातात घेतली, की आपोआप एका ठरावीक पानावर उघडायची. आपल्याआधी किती वाचक तिथे रेंगाळून गेलेत, हे पुस्तकाची शिवणच सांगायची. चंद्रकांत काकोडकरांची कादंबरी तर क्वचितच जागेवर मिळायची. दिवाळीत अंकांसाठी वेगळी वर्गणी भरली जाई, आणि घरातली मोठी माणसं कोणता अंक वरच्या फळीवर ठेवतात, हे आम्हा पोरांना बरोबर ठाऊक असे.

तेव्हा शृंगाराला कथानकाचं पांघरूण लागायचं. नायकाची गरिबी, नायिकेचं लादलेलं लग्न, एखादा अपघात, शेवटी पश्चात्ताप नाहीतर मरण, आणि या सगळ्याच्या मध्ये ती दोन-तीन पानं. हे पांघरूण कशासाठी होतं, ते 'श्यामा'च्या खटल्यावरून कळतं. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ही कथा आली: निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता आणि श्यामा. अश्लीलतेची फिर्याद झाली. खालच्या कोर्टानं सोडून दिलं, उच्च न्यायालयानं २५ रुपये दंड ठोठावला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. सुटे उतारे काढून नव्हे, तर सगळी कृती समोर ठेवूनच निवाडा करायला हवा, ही न्यायालयाची भूमिका होती. साहजिकच कथानक हा लेखकाचा बचाव ठरला. पण कोर्टात लेखकाला जे वाचवतं, तेच कथेला जिवंत करतं असं नाही.

कारण आम्ही वाचक कथानक ओलांडूनच त्या पानांवर जात होतो. तरी एक गोष्ट खरी होती. ती पानं रंगायची, कारण तिथवर ती बाई आपल्या ओळखीची झालेली असे. ती कशाला घाबरते, कोणावर चिडते, चहा देताना कुणाच्या नजरेला नजर देत नाही, हे माहीत झालेलं असे. बसस्टँडाजवळ लपवून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या पुस्तकांत मात्र पहिल्या ओळीपासून तेच पान सुरू व्हायचं आणि शेवटपर्यंत तेच चालायचं. नावं बदलायची, माणूस कुणीच नसायचा. ती पुस्तकं कोणत्याच पानावर आपोआप उघडत नसत.

मग शृंगारकथा चांगली व्हायला कथानक हवंच का? याचं उत्तर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, पैठणला, दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे सुट्या गाथा. प्रत्येक गाथा दोन ओळींची. तिच्यात गोदावरीचा काठ आहे, शेतं आहेत, वाटसरू आहेत, नणंदा-भावजया आहेत. रेवा, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींची नावंही परंपरेनं जपली आहेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली हा सगळा ठेवा मराठीत विस्तारानं समजावून दिला. त्यातल्या एका गाथेत मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरातली सून दिवसाउजेडी सासूची निजायची जागा दाखवते, स्वतःची दाखवते, आणि रात्री अंधारात चुकू नकोस म्हणून बजावते. संपली गाथा. कोणी कोणाला स्पर्शही केलेला नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं शब्दांपलीकडचा अर्थ कसा उमटतो हे दाखवायला 'ध्वन्यालोका'त हीच गाथा घेतली.

या दोन ओळींत कथानक नाही. पण माणसं आहेत, जागा आहे, वेळ आहे आणि अडसर आहे. सासू नसती तर गाथाही झाली नसती. पुढचं वाचक रचतो. जुन्या टीकाकारांनीही तेच केलं. ही गाथा कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतंय, हे गंगाधर भट्टासारखे टीकाकार आपल्या मनानं सांगत गेले. दोन ओळींत पुरं होण्याची ही रीत या शहराच्या कानाला परकी नव्हती. सिराज औरंगाबादी याच मातीत गझल लिहीत होता, आणि गझलेचा प्रत्येक शेर स्वतःपुरता पुरा असतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरशात पाहणाऱ्या त्या शृंगारमग्न स्त्रीसमोर माणसं थबकतात, ते चित्रामागची कथा पाठ आहे म्हणून नव्हे.

आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, भाड्याच्या लायब्र्या जवळपास संपल्या आणि वाचन मोबाइलवर आलं. यात चांगलं पुष्कळ झालं. खाकी कव्हराची गरज उरली नाही. शृंगार आता बायका स्वतः लिहितात, आणि पूर्वी पुरुषांनी कल्पनेनं रंगवलेली बाई तिच्याच शब्दांत बोलू लागली आहे. हे मोठं पाऊल आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मोबाइलवर भागाभागांनी येणाऱ्या कथांत आज कथानकाचा तर पूर आला आहे. करोडपती नायक, करारावरचं लग्न, गैरसमज, अपघात, पुन्हा गैरसमज. प्रत्येक भागाच्या शेवटी हिसका, कारण वाचकानं पुढचा भाग उघडायला हवा. भागामागून भाग जातात, पण त्या नवराबायकोच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठे आहे हेही कळत नाही. पूर्वीचं कथानक भीतीपोटी यायचं, आताचं पुढच्या भागासाठी येतं. दोन्ही वेळा त्या क्षणाला काय हवं, हे विचारायचं राहून जातं.

माझं मत स्पष्ट आहे. शृंगारकथेला कथानक लागत नाही, पण माणूस लागतो, त्याच्या मनातला संकोच लागतो आणि काहीतरी न सांगता सोडण्याचं धाडस लागतं. हे तिन्ही असतील तर दोन ओळीही पुरतात. नसतील तर शंभर भागही कमीच. मराठवाड्यात आज शृंगार लिहिणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे: लिहायला बसण्याआधी जोगळेकरांची 'गाथासप्तशती' मिळवा आणि रोज चार-दोन गाथा वाचा. पैठणच्या परंपरेचे खरे वारस तुम्हीच आहात.