पाव, बटाटा आणि लिस्बन

भिशीच्या पैशांतून कुणी पैठणी घेतं, कुणी फ्रीज. आम्ही चौघींनी पाच वर्षं साठवून लिस्बन गाठलं. "लंडन-पॅरिस सोडून हे कुठलं मध्येच काढलंत?" असं जो तो विचारी. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. 'वास्को-द-गामा, १४९८, कालिकत' हे इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय, की तो निघाला कुठून ते एकदा पाहावं असं फार मनात होतं. बाकीच्या तिघी तयार झाल्या त्या खर्च कमी म्हणून!

यजमान नाहीत, मुलं नाहीत, असा माझा हा पहिलाच प्रवास. रात्री नीट झोपही लागली नाही. सकाळी हॉटेलातल्या मुलीने खोलीची किल्ली मागताना 'शाव्ह' असं काहीतरी म्हटलं. मी नुसती बघत राहिले. मग ट्यूब पेटली. अगं बाई, ही तर आपली चावी! न्याहारीला 'पाँव' आला तो आपला पाव. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे 'बताता' आणि 'कोव', म्हणजे बटाटा आणि कोबी. वसई १७३९ पर्यंत आणि गोवा १९६१ पर्यंत ह्यांच्याकडे होता. ती सत्ता गेली, पण काजू, अननस, लिलाव, एवढंच काय, महिन्याचा पगारसुद्धा मागे ठेवून गेली. आमच्यातली बँकवाली म्हणाली, "पगार ठेवला ते बरं केलं!"

तिनेच चहा पिताना नियम घालून दिला. चुकामूक झाली तर नदीकाठच्या मोठ्या चौकात, घोड्यावरच्या राजाच्या पुतळ्याखाली येऊन थांबायचं. आम्ही तिला हसलो.

ट्रॅमने आधी बेलेंला गेलो. टागुस नदी तिथे इतकी रुंद, की समुद्रच वाटतो. काठावर जेरोनिमोसचा मठ आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधकाम सुरू झालं आणि त्याला पैसा पुरवला तो बराचसा पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावरील कराने. दगडात जहाजाचे दोर कोरलेत, अगदी पीळ मोजून घ्यावेत असे. चर्चमध्ये शिरल्याबरोबर एका बाजूला कामोंइश कवी आणि दुसऱ्या बाजूला वास्को-द-गामा. हा १५२४ साली आपल्याकडे कोचीला वारला, नंतर अस्थी इकडे आणल्या. संगमरवरी मूर्ती हात जोडून निजली आहे. कुठल्याही देवळात-समाधीपाशी माझे हात आपसूक जुळतात, इथे मात्र जुळेनात. १५०२ च्या सफरीत ह्याच माणसाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज, आतल्या बायकामुलांसकट, जाळलं होतं. मी वर्गात हे कधीच सांगितलेलं नाही. फळ्यावर तेवढं साल लिहायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. मैत्रिणी फोटोसाठी हाका मारीत होत्या, मी लवकर बाहेर आले.

बाहेर १८३७ पासूनचं एक मिठाईचं दुकान आहे. खुसखुशीत वाटीत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं गोड सारण, वर दालचिनीची पूड. मठांतून कपड्यांच्या खळीला अंड्याचा पांढरा भाग वापरीत, मग उरलेल्या बलकाचं काय करायचं म्हणून असे पदार्थ निघाले, असं सांगतात. उरलंसुरलं वाया न घालवणारी बाई सगळीकडे सारखीच! अंडं न खाणाऱ्या मैत्रिणीने पर्समधले शंकरपाळे काढले. (शाकाहारी मैत्रिणींनो, बटाटा-कोबीचं सूपही विचारून घ्या. त्यात बहुधा मांसाची चकती असते.)

दुपारी २८ नंबरच्या पिवळ्या ट्रॅमसाठी ही रांग. तिघी चढल्या, माझ्या तोंडावर दार बंद झालं आणि ट्रॅम चढावर दिसेनाशी झाली. माझा फोन तिथे लागत नव्हता. छातीत धस्स झालं. एवढ्या वयात कुठल्याही परक्या गावात मी एकटी अशी उभीच राहिले नव्हते. रडू आवरून पुतळा आठवला. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, आगीत आणि लाटांत हे शहर उद्ध्वस्त झालं. नंतर खालचा भाग मार्क्विस पोम्बालच्या देखरेखीखाली वहीतल्या चौकटींसारखा सरळ रस्त्यांनी बांधला. म्हणजे उतारावरच्या कुठल्याही रस्त्याने नाकासमोर चाललं की नदी. चालले. गुळगुळीत दगडी फरशीवर चपला घसरत होत्या, तेव्हा जाणाऱ्यांनी रबरी तळाचे बूटच घ्यावेत.

पुतळा सापडला. पाऊण तास त्याच्या पायथ्याशी बसले. पहिली दहा मिनिटं घाबरलेली होते. मग नदीवरचा वारा लागला, बोटी दिसू लागल्या. कुणाला भूक लागली नव्हती, कुणाचा डबा भरायचा नव्हता. खरं सांगते, तिघी धापा टाकीत येताना दिसल्या तेव्हा हायसं वाटलंच, पण आणखी पाच मिनिटांनी आल्या असत्या तरी चाललं असतं.

बँकवालीचे डोळे भरले होते. "नियम कुणी केला होता?" एवढंच म्हणाली आणि माझं कोपर जे धरलं ते हॉटेलपर्यंत सोडलं नाही.

रात्री आठला घरी फोन लावला. तिकडे साडेबारा वाजले होते, पण सासूबाई जाग्याच. हरवल्याचं मी काही बोलले नाही.

"जेवलीस का गं?"

"हो. पाव आणि बटाटा."

"तेवढ्यासाठी एवढ्या लांब गेलीस होय!"