शॉडीची चिंधी

परवा भाचीनं अभ्यास करता करता विचारलं, "मामा, शॉडी म्हंजे काय ओ?" पेपरातून डोकं वर न काढता मी म्हणालो, "थातूरमातूर काम. नुसत्या पाट्या टाकणं." तिनं मोबाइलवर पुढचं वाचून दाखवलं आणि मी ताडकन उठून बसलो. शॉडी हे आधी कापडाचं नाव होतं! खरंखुरं, अंगावर घालायचं कापड!

इंग्लंडात यॉर्कशरमधलं बॅटली गाव. १८१३च्या सुमारास तिथं बेंजामिन लॉ या माणसानं लोकरीच्या जुन्या चिंध्या पिंजल्या, त्यात नवी लोकर मिसळून सूत काढलं. टाकाऊतून कापड! किती हुशारीचं काम! पण १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, गणवेश घाईनं हवे झाले आणि ठेकेदारांनी असलंच हलकं कापड सैनिकांच्या गळ्यात मारलं. पावसात भिजलं की चिंध्या. मग शॉडी नाव कामालाच चिकटलं. शॉडी प्लास्टर, शॉडी शिलाई, शॉडी रस्ता. वरून चकाचक, आतून फुसकं. आपल्याकडं नाही का, गबाळ म्हणजे बोचकं आणि त्यावरून माणूस गबाळा!

खरी गंमत पुढंच आहे. आज या शॉडीचं मोठं केंद्र कुठं? पानिपत! १७६१ची लढाई सोडून त्या गावाचं काही आपल्याला आठवत नाही आणि तिथं परदेशातून आलेल्या जुन्या स्वेटर-कोटांची बटणं, चेनी काढतात, रंगवार ढीग लावतात, पिंजतात, ब्लँकेटं विणतात. रंग आधीचाच, म्हणून पुन्हा रंगवायचीही फारशी गरज नाही!

मी धावत जाऊन कपाट उघडलं. नांदेड-लातूर रस्त्यावर घेतलेलं ब्लँकेट, विकणारा "पानिपतचा माल" म्हणाला होता. उजेडात धरलं. करड्यात लाल, हिरवे, निळे तंतू! कुणाकुणाचे स्वेटर अहमदपुरात माझ्या अंगावर!

"बघ आई, चिंध्यांचं आहे, म्हणून शॉडी!" मी ओरडलो.

आईनं खालच्या कप्प्यातली आज्जीची वाकळ ओढून माझ्यापुढं टाकली. जुन्या लुगड्यांची, बोटभरही जागा टाक्यांवाचून नाही.

"ही पण चिंध्यांचीच हाय की," आई म्हणाली. "पण आज्जीनं पाट्या नव्हत्या टाकल्या."