वळणाआधीचं लाकूड

आमची आजी रत्नागिरीहून मुंबईला आगबोटीने गेलेली. तो शब्द तिच्याकडून माझ्याकडे आला. पुढे ऑस्ट्रेलियात मरे नदीवर, एचुका गावी, मी स्वतःची बोट घेतली तेव्हा तिला दुसरं काही म्हणावंसंच वाटलं नाही. नऊ मीटर लांब, दोन्ही कुशींना एकेक चाक, मध्ये उभा बॉयलर. एका दूधवाल्या शेतकऱ्याने गोठ्यामागच्या शेडमध्ये ती हौसेने बांधली आणि गुडघे गेल्यावर मला विकली. मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये बारा वर्षं काढलीत हे ऐकून त्याने किंमतही थोडी उतरवली.

कारखान्याची विद्या कामी आली, पण अर्धीच. आग पेटवण्याआधी काचेतलं पाणी बघायचं, सिलिंडरचे ड्रेन उघडून आत साचलेलं पाणी आधी काढून टाकायचं, हे हाताला ठाऊक होतं. शंभर पौंड म्हणजे आमच्या कारखान्याच्या भाषेत सात केजी, तेही पाठ. ठाऊक नव्हतं ते लाकूड. इथे रेडगम जाळतात. जड, लालभडक, चिवट. भट्टी एवढीशी, ओंडका टाकला की तो आधी आगीचीच ऊब खातो. मग पेटतो, मग पाणी तापतं, मग कुठे काटा हलतो. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. आत्ता चाकं फिरवतेय ती मघाची आग असते, आणि आत्ता टाकलेलं लाकूड पुढच्या वळणासाठी, जे अजून दिसतही नाही.

पाहुण्यांना वाटतं, सुकाणू धरणारा मालक. पंख्याच्या बोटीत पंखा पाणी थेट सुकाणूवर फेकतो, त्यामुळे संथ चालतानाही ती ऐकते. आमची चाकं बाजूला. बोट पाण्यापेक्षा वेगाने चालली तरच सुकाणूला काही पकडायला मिळतं. प्रवाहाच्या वेगानेच वाहू लागली की सुकाणू म्हणजे नुसती फळी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, म्हणून एक थांबवून वळायचीही सोय नाही. त्यात पाहुणे कांगारू बघायला उजवीकडे धावले की उजवं चाक खोल बुडतं आणि बोटीचं नाक डावीकडे! मी ओरडतो, त्यांना मी खडूस वाटतो. असेनही.

माझ्यापेक्षा कितीतरी हिंमतवान माणूस या नदीवर होऊन गेला. विल्यम रँडल, पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. भावांना हाताशी धरून त्याने ‘मेरी ॲन’ बांधली आणि 1853 मध्ये ती मरेवर चालवली. त्याआधी त्याने चाकाची आगबोट पाहिलीसुद्धा नव्हती, असं सांगतात. बॉयलर चौकोनी केला. वाफेला गोल भांडं हवं असतं, सपाट पत्रा ती फुगवते. तसा तो फुगला, तेव्हा त्याने साखळ्या आवळून, पाचरी ठोकून तो आवरला. तो बॉयलर मॅनम गावात जपून ठेवलाय. मी असतो तर त्यात काडीसुद्धा लावली नसती.

आणि तरी माझ्याकडून चूक झाली ती याहून साधी. उतरत्या पाण्याला घरी परतत होतो. नदी नेतेच आहे, लाकूड कशाला जाळा, असा हिशेब केला. काटा उतरत गेला, चाकं मंदावली, आणि वळण आलं तेव्हा सुकाणू हातात मोकळं फिरू लागलं. घाईघाईने भट्टी भरली. त्याने उलट आग दबली. प्रवाहाने आम्हाला वळणाच्या बाहेरच्या काठाला नेलं, जिथे पाणी खोल असतं आणि पडलेली रेडगमची झाडं बुडून असतात. कडाड्कन आवाज झाला. डाव्या चाकाच्या दोन फळ्या गेल्या. फळ्या मऊ लाकडाच्या करतात त्या याचसाठी, त्या मोडाव्यात आणि चाक वाचावं.

शेतकऱ्याला फोन केला. तो हसला नाही. एवढंच विचारलं, “शेवटचं लाकूड कधी टाकलं होतंस?”

आता चार जादा फळ्या आणि बोल्ट बोटीत कायम असतात. त्या दोन मोडक्या फळ्या शेडच्या पत्र्यावर वाळत घातल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात भट्टी पेटवायला वापरल्या.