आत्याबाईंचा हात

ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या आसमंतांत झालेला भूकंप मराठवाड्यांतील कोणतेंहि कुटुंब विसरणार नाहीं. गणेशविसर्जन करून निजलेल्या माणसांवर दगडमातीच्या रुंद भिंती व जड माळवदें कोसळलीं. औसा तालुक्यांत राहणाऱ्या आमच्या आत्याबाई ढिगाऱ्यांतून जिवंत निघाल्या. लातुरास त्यांच्या उजव्या दंडाचें मोडलेलें हाड बसविण्यांत आलें आणि आम्हीं त्यांस नांदेडास आपल्या घरीं आणिलें. पण मनगट लुळें पडून खालीं लोंबत होतें. "हात गेला," असें वडील मंडळींनीं ठरवूनहि टाकिलें.

नांदेडच्या डॉक्टरांचें मत निराळें पडलें. दंडाच्या हाडास वळसा घालून उतरणारा मज्जातंतु चिरडला आहे, पण त्याचें मूळ शाबूत आहे, असें त्यांनीं सांगितलें. वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानें १८५० सालीं बेडकाच्या जिभेचे मज्जातंतु कापून दाखविलें होतें कीं, जखमेपलीकडील तंतु मरतो. मात्र त्याचें आवरण नळीसारखें मागें उरतें व त्यांतून नवा कोंब पुढें सरकतो. त्याची चाल दिवसास सुमारें १ मिलिमीटर, म्हणजे महिन्यास जेमतेम इंचभर!

ही चाल ओळखण्याची खूण टिनेल या फ्रेंच डॉक्टरानें १९१५ सालीं, महायुद्धाच्या काळांत, सांगितली. तंतूच्या वाटेवर बोटानें टिचकी मारावी. कोंब जेथवर पोंचला असेल तेथें ठोकतांच हाताच्या पाठीवर मुंग्या येतात. आत्याबाई या मुंग्यांनीं त्रासून जात. परंतु ती जागा हळूहळू दंडावरून कोंपराकडे उतरत असलेली पाहून आम्हांस तीच शुभवार्ता वाटूं लागली.

तथापि नुसती वाट पाहून भागत नाहीं. तंतु येईपर्यंत सांधेच आखडले, तर त्याच्या येण्याचा उपयोग काय? शिवाय वर्ष-दीड वर्ष तंतूवांचून राहिलेला स्नायु पुढें त्याला दाद देईनासा होतो. म्हणून मनगटास पट्टीचा आधार देणें आणि दिवसांतून तीन-चार वेळां एकेक बोट हलकेंच वांकवून सरळ करणें, हें काम घरावर पडलें. सकाळीं सूनबाई, सायंकाळीं शाळेंतून आलेलीं मुलें, रात्रीं आम्ही, अशी पाळी लागली. संक्रांतीच्या सुमारास मनगट किंचित् उचललें. उन्हाळ्यांत आत्याबाईंनीं भाकरी थापली. ती वांकडी झाली होती. पण तिच्या तुकड्यासाठीं मुलांत भांडण झालें.

यावरून प्रत्येक तंतु वाढतोच, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. लातूरच्या रुग्णालयांत आत्याबाईंच्या ओळखीचा एक तरुण होता. त्याच्या कण्यांतील मज्जारज्जूच तुटला होता. त्याचे पाय पुन्हां हलले नाहींत. हातापायांतील तंतु वाढतात, मज्जारज्जूंतील वाढत नाहींत, हें असें कां? १९८१ सालीं कॅनडांतील डेव्हिड व अग्वायो यांनीं उंदरांच्या मज्जारज्जूस पायांतील मज्जातंतूचा तुकडा जोडला, तेव्हां त्या तुकड्यांतून मज्जारज्जूंतील तंतूहि वाढले. म्हणजे वाढण्याची शक्ति पेशींत आहे. भोवतालची जागा तिला अडविते. हा अडथळा दूर करण्याचें संशोधन आजहि चालूं आहे, पण खात्रीचा उपाय अद्याप हातीं आलेला नाहीं.

आत्याबाई पुढें रोज भाकरी थापीत. थापतां थापतां मध्येंच थांबून त्या विचारीत, "त्या पोराचं कांहीं कळलं का रे?"